दोन विहिणी आणि फोनचा एक सीन

पिक्चर संपल्यावर पडद्यावर नावं भराभर वर सरकतात, तेव्हा प्रेक्षक खुर्चीखाली चपला शोधत असतात. त्या नावांत, ड्रायव्हर आणि केटरर यांच्या जरा वर, माझं नाव असतं. हुद्दा : प्रॉडक्शन मॅनेजर. माझ्या सख्ख्या बहिणीनेही ते अजून वाचलेलं नाही. ती म्हणते, "तुझं नाव येईपर्यंत पार्किंगमध्ये गर्दी होते गं."

हे काम नेमकं काय, असं मला नेहमी विचारतात. लग्नात मुलीचा मामा असतो ना, ते. हारवाला आला का, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, भटजींचा चहा झाला का, रुसलेल्या आत्याबाईंना कुणी जेवायला बोलावलं का, हे सगळं तो बघतो आणि अल्बममधल्या एकाही फोटोत दिसत नाही. मला याद्या करायची सवय लहानपणापासून होती. शाळेच्या सहलीला डबा विसरलेल्यांची यादी मीच करायची. पुढे त्याचेच पैसे मिळू लागले, एवढंच.

मी चिंचवडची. सुरुवातीची बरीच वर्षं चाकणच्या कंपन्यांसाठी सेफ्टी फिल्म बनवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काढली. हेल्मेट घाला, चालू मशीनमध्ये हात घालू नका, क्रेनखाली उभे राहू नका. नट परवडत नसत, म्हणून कंपनीतलेच कामगार घ्यायचो. एकदा एका उमद्या ऑपरेटरला आम्ही निष्काळजी कामगार केलं. त्याने लाल रंगात बोट बुडवलं, झकास विव्हळला. फिल्म कॅन्टीनच्या टीव्हीवर रोज लागायची. मग एक दिवस त्याची बायको गेटवर आली. "माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत साधं खरचटलं नाही, आणि तुम्ही त्याचं बोट तोडलं? सगळी शिफ्ट आता त्याला बोटभाऊ म्हणते!" शेवटी 'उत्कृष्ट सुरक्षित कामगार' असं प्रमाणपत्र काढून ते त्याच कॅन्टीनमध्ये टाळ्यांच्या गजरात द्यावं लागलं. त्या दिवशी मी एक धडा लिहून ठेवला : आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात अभिनय ही गोष्ट लोक मानत नाहीत. जे दिसलं ते झालं.

दुसरा धडा दापोडीत मिळाला. रेल्वेलगतच्या एका गल्लीत आम्ही एका मालिकेचं शूटिंग करत होतो. ट्रेनचं वेळापत्रक माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन गाड्यांच्या मध्ये सीन उरकायचो. पण समोरचे एक आजोबा 'साइलेंस' ऐकलं की रेडिओ मोठा करायचे. विनंती केली, पेढे दिले, उपयोग नाही. मग त्यांना पायरीवर पेपर वाचत बसायचा रोल दिला. त्या क्षणापासून गल्लीत कुणी शिंकलं तरी आजोबा वस्सकन अंगावर जायचे. तेव्हापासून माझा नियम आहे : आडवा येणाऱ्याला फ्रेममध्ये घ्यावं. हा उपाय एकदाच फसला. त्याचीच गोष्ट सांगते.

निनाद नावाचा तिशीचा एक दिग्दर्शक माझ्याकडे आला. त्याला पिक्चर करायचा होता तो एका आईचा. चाकणजवळच्या गावातली विधवा आई, एकुलती मुलगी परदेशात, चार वर्षं आलेली नाही. आई वाट बघते. पिक्चरभर वाटच बघते. शेवटी एक लांबलचक फोनचा सीन. मी विचारलं, "खर्च कुठे आहे?" तो म्हणाला, "ताई, खर्च नाहीच. एक घर, एक आई, एक फोन." असं म्हणणाऱ्या दिग्दर्शकांना मी फार घाबरते.

घर मला चाकणजवळच कुरुळीत सापडलं. मालनकाकू आणि अण्णांचं. थोडी जमीन कंपन्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यात कांदा, मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. पुढे ओटा, पेरू, मेथीचा वाफा. सगळं ठरलं आणि आईचं काम करणारी बाई मोठी मालिका मिळाली म्हणून शूटिंगच्या तोंडावर निघून गेली. मी नवीन नावांची यादी घेऊन निनादपाशी उभी होते, तेवढ्यात मागे आवाज चढला.

"कोन हाय रं त्यो गाडीवाला? माझ्या मेथीवर चाक घातलंय! तुझ्या आयनं पेरलीय व्हय? घे, घे मागं! आरं पेरू बघ, पेरू!"

आमच्या जनरेटरच्या ड्रायव्हरची मालनकाकू खरडपट्टी काढत होत्या. निनादने माझ्या हातातली यादी बाजूला केली. "ताई, हीच."

काकू म्हणाल्या, "मला काय येतंय त्यातलं?"

अण्णा ओट्यावरून म्हणाले, "तोंडच चालवायचंय. ते तुला जन्मापासनं येतंय."

काकूंनी दोन अटी घातल्या. पहिली, फाटकी साडी नेसणार नाही. "पोरगी जर्मनीत हाय माझी. आन मी पडद्यावर फाटक्यात? लोकं तोंडात शेन घालतील." रंग उडालेली, पण धड साडी, यावर तह झाला. दुसरी अट खरी अट होती. त्यांची लेक रेखा, आकुर्डीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली, नवऱ्याबरोबर जर्मनीला होती आणि पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. रेखाला येता येत नव्हतं, म्हणून काकूंनी माहेरच उचलून तिकडे न्यायचं ठरवलं होतं. व्हिसा आला होता, जावयाने तिकीट पाठवलं होतं, डिंक, खारीक, अळीव घरात येऊन पडले होते. "त्या तारखेला मी जानार. तुमचा पिक्चर हिकडं पडू दे न्हायतर उभा राहू दे." मी तारीख लिहून घेतली आणि त्याच्या आधी सगळं बसवलं.

काम छान चाललं होतं. काकूंना कॅमेऱ्याची भीती नव्हती. त्यांच्या मते तो रेखाच्या व्हिडिओ कॉलचाच थोरला भाऊ होता. मग फोनच्या सीनची तालीम आली. अशा सीनमध्ये पलीकडचा आवाज नंतर भरतात. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यामागे बसून कुणीतरी त्या ओळी वाचायच्या असतात. ते काम माझ्यावर आलं. मी स्पष्ट उच्चारात वाचलं : "आई. मी या वर्षी येऊ शकत नाही. मला सुट्टी नाही. तू काळजी घे."

काकूंनी फोन कानापासून काढून माझ्याकडे पाहिलं. "ताई, किराण्याची यादी वाचताय व्हय? मला वाटलं, आता शेंगदाने अर्धा किलो म्हनशाल."

तरीही त्यांनी स्वतःच्या ओळी जोरात म्हटल्या. ओट्यावर बसून, डोळ्याला पदर लावून, "पोरी, एकदा तरी ये गं! डोळं मिटायच्या आत तोंड दाखव!" आमचा लाइटवाला नाक ओढायला लागला. आणि कुंपणापलीकडून कुणीतरी मोबाईलवर हे सगळं टिपलं. कॅमेरा, लाइट, वीस-पंचवीस माणसं, यातलं काहीही त्या चौकटीत आलं नव्हतं. आली ती फक्त रंग उडालेल्या साडीत हंबरडा फोडणारी मालनकाकू. व्हिडिओवर ओळ होती : 'बघा, कुरुळीच्या माउलीवर काय वेळ आली. पोटची पोर विचारत नाही.'

संध्याकाळपर्यंत ओट्यावर रीघ लागली. एक नणंद आळंदीहून पिठलं-भाकरी घेऊन आली. बचत गटाच्या बायका वर्गणीचं बोलू लागल्या. एक तरुण नेते गळ्यात उपरणं घालून आले आणि "काकू, मीच तुमचा मुलगा" म्हणून फोटो काढून गेले. पिक्चरमध्ये काकू विधवा होत्या, तेही कुठूनसं पसरलं, म्हणून दोघे-तिघे पांढरी टोपी घालून गंभीर चेहऱ्याने आले. अण्णा भडकले. "आरं, जित्ता हाय मी! पिक्चरमधी मेलोय, हितं न्हाई!"

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली तेव्हा हसू थांबलं. रिक्षातून शैलाताई उतरल्या, काकूंच्या विहीणबाई, म्हणजे रेखाच्या सासूबाई. आकुर्डीच्या, निवृत्त शिक्षिका. गुडघ्यावर हात ठेवून ओट्याच्या पायऱ्या चढल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

"मालनताई, आमची सून तुम्हाला विचारत नाही?"

"अवं, खोटं हाय त्ये. पिक्चर हाय."

"हे माझ्या भिशीतल्या बायकांना सांगा. कालपासून मला विचारतायत, तुमच्या मुलाने सासूला टाकलं का म्हणून. दर रविवारी तासभर बोलते ती तुमच्याशी. आणि तुम्ही गावासमोर पदर लावून रडताय?"

"माझ्या मनात तसलं काय बी न्हाई, विहीणबाई."

"असू दे. तुम्हाला इथे काम आहे, ते करा. मी मंदारला आजच कळवते, मालनताईंचं तिकीट रद्द कर म्हणून."

मंदार म्हणजे जावई. काकूंचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या आणि स्वतःची हिरवी साडी नेसून बाहेर आल्या. पिक्चरची साडी घडी घालून माझ्या हातात ठेवली. "ही घ्या तुमची साडी, ताई. मला माझ्या पोरीकडं जायचंय." निनाद पायरीवर मटकन बसला. अर्धा पिक्चर झाला होता. आता दुसरी आई आणणंही शक्य नव्हतं.

मी माझा दापोडीचा नियम काढला. "शैलाताई, पिक्चरमध्ये एका शिक्षिकेची भूमिका आहे. तुम्हाला शोभेल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर कसं वाटतं ते मला आठवलं. "मला रोल देऊन गप्प बसवताय?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या निघाल्या. पण मालनकाकू दारात आडव्या उभ्या. "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई. विहीणबाई बिनचहाच्या गेल्या तर त्याचा बी व्हिडिओ काढत्याल." म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. काकू पाठमोऱ्या चहा करत होत्या आणि गॅसपाशी हळूच डोळे पुसत होत्या. या खेपेला तालीम नव्हती. मी शैलाताईंपुढे पटकथा ठेवली. म्हटलं, रागावायचंच आहे तर पूर्ण वाचून रागवा.

त्यांनी खरंच पूर्ण वाचली; तोवर चहाचं दुसरं आधण चढलं होतं. पेन काढून दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घही सुधारलं. मग निनादला हाक मारली. "ही मुलगी का येत नाही?"

"ते मी मुद्दाम मोकळं सोडलंय."

"माझ्या मुलाला विचारा, तो भरून देईल. सुट्टी मिळते तेव्हा तिकीट महाग असतं. तिकीट स्वस्त असतं तेव्हा सुट्टी नसते. आला तर निम्मे दिवस बँकेत आणि आधार कार्डाच्या रांगेत जातात. जाताना म्हणतो, आई, पुढच्या वर्षी नक्की जास्त दिवस." त्यांच्यापुढची रिकामी कपबशी सरळ होती, ती उगाच पुन्हा सरळ केली. "बाळंतपणाला मुलीची आई जाते. रीत आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्या घरात माझाही मुलगा राहतो. आई, तू पण येतेस का, असं मला एकानेही विचारलं नाही."

गॅसवर चहा उतू गेला. गॅस बंद करून मालनकाकू त्यांच्याशेजारी येऊन जमिनीवर बसल्या. "मला वाटलं, तुमचं गुडघं दुखत्यात. इमानाचं भ्या वाटतं म्हनला होता तुमी. म्हून कुनी इचारलं नसंल."

"गुडघे दुखतात म्हणून मुलाला बघावंसं वाटत नाही, असं असतं का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "तसं कसं आसंल?"

अशा वेळी खरं तर गप्प बसायचं असतं. पण मला रिकामा कागद दिसला की हात शिवशिवतात. आमच्याकडे रोज एक तक्ता निघतो, त्याला कॉल शीट म्हणतात. कोणता कलाकार कधी येणार, कधी जाणार, ते त्यात असतं. एका कलाकाराच्या तारखा संपल्या की दुसऱ्याच्या सुरू. आदल्या दिवशीच्या कॉल शीटच्या मागे मी लिहायला घेतलं. पाहुण्यांचा व्हिसा तीन महिन्यांचा. मालनकाकूंनी आधी जायचं, बाळंतपण करायचं, बारसं करायचं, परत यायचं. त्या उतरल्या की शैलाताईंनी चढायचं. त्यांच्या मुक्कामाच्या शेवटी बाळाचं उष्टावण येतं. ते शैलाताईंकडे. आणि रेखाला सलग सहा महिने घरात एक हक्काचं माणूस.

दोघींनी कागद मधे धरून वाचला.

"बारसं माझ्याकडं ऱ्हाईल," काकू म्हणाल्या.

"राहू दे. उष्टावणाची खीर मात्र मी माझ्या पद्धतीने करणार. वेलदोडा घालून."

"घाला की. मी कुठं हात धराय येतीय जर्मनीला?"

तिथूनच जर्मनीला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मंदारच्या तोंडात टूथब्रश होता. शैलाताई म्हणाल्या, "मालनताई परत आल्या की मी येऊ का रे?"

पलीकडे नळ बंद झाला. मग तो म्हणाला, "आई, तुला विमानाची भीती वाटते ना? म्हणून मी कधी विचारलंच नाही. येशील खरंच?"

"भीती वाटते. पण येईन."

पलीकडे तो ओरडला, "रेखा! ए रेखा! आई येतेय! दोन्ही आया येतायत!"

यानंतर शैलाताईंनी स्वतःच ओट्यावर मालनकाकूंशेजारी उभं राहून, हातात आमची क्लॅपची पाटी धरून फोटो काढून घेतला आणि भिशीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'विहीणबाई अभिनेत्री झाल्या आहेत. अफवा पसरवू नयेत.' तासाभरात भिशीतल्या दोघींनी मला फोन करून रोल आहे का विचारलं.

फोनचा सीन आम्ही त्याच दुपारी केला. मी वाचायला बसले तेव्हा काकूंनी हात जोडले. "ताई, तुमी नगं. विहीणबाई वाचू द्या." शैलाताई कॅमेऱ्यामागे खुर्चीवर बसल्या. पहिल्या दोन ओळी त्यांनी लिहिल्याप्रमाणे वाचल्या. मग कागद मांडीवर ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आई, या वर्षी नाही गं जमत. पुढच्या वर्षी नक्की. जास्त दिवस येते." शेवटच्या शब्दाला डोळे भरले, म्हणून त्यांनी चष्मा काढला.

पटकथेप्रमाणे आता काकूंनी हंबरडा फोडायचा होता. त्यांनी फोडला नाही. समोर रडवेलं माणूस बसलेलं बघून त्या त्याचीच समजूत घालायला लागल्या. "बरं बरं. आसू दे. मी कुठं म्हनलं आत्ताच ये? थंडी हाय का तिकडं? जेवलीस का तू?" तेवढंच, हसून. निनाद कट म्हणायला विसरला. शेवटी मीच म्हणाले, कारण जेवणाची वेळ टळत होती. पिक्चर पुढे आमच्याकडे एकाच थिएटरला, दुपारच्या खेळाला लागला आणि लवकर उतरला, याची चुटपुट आहे. पण त्या सीनला मी मागे उभी राहून प्रेक्षक बघितलेत. एकही जण चपला शोधत नव्हता.

काकू निघायच्या दिवशी मी विमानतळासाठी प्रॉडक्शनची गाडी लावून दिली आणि स्वतः माझ्या गाडीने गेले. शूटिंग वेळेत संपलं होतं. अण्णांनी कांद्याच्या वजनकाट्यावर बॅग चढवली आणि ओरडले, "दोन किलो ज्यादा!" कारण उघड होतं. डिंकाच्या लाडवांचे दोन डबे होते. एक काकूंनी स्वतः केलेला, दुसरा शैलाताईंनी आदल्या दिवशी करून सकाळी आकुर्डीहून आणलेला. एकालाच जागा होती. शैलाताई पटकन म्हणाल्या, "माझा काढा, माझा. बाळंतिणीला तिच्या आईच्या हातचेच लागतात."

काकूंनी बॅग उघडली, स्वतःचा डबा काढून शैलाताईंच्या हातात ठेवला आणि चेन लावून टाकली. "माझं कशाला न्यायचं? मी सोताच निघालीय की. तिथं रोज करीन. जावईबापूंनी किती दिसांत तुमच्या हातचं खाल्लं न्हाई."

शैलाताई विमानतळाची गाडी वळणाआड जाईपर्यंत डबा छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग मी त्यांना माझ्या गाडीने आकुर्डीला सोडायला निघाले. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा त्यांनी डबा उघडला, एक लाडू मला दिला, एक स्वतः घेतला. बराच वेळ चावत राहिल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "डिंक कमी पडलाय."